फाशांचा हिशेब मांडणारा वैद्य

इ. स. १५३४ च्या सुमारास मिलान शहरातील निराधारांच्या आश्रयगृहात एक वैद्य आपली पत्नी आणि तान्हे मूल घेऊन राहावयास आला. पादुआसारख्या विख्यात विद्यापीठाची वैद्यकाची पदवी त्याच्याजवळ होती. परंतु अंगावरच्या कपड्यांपलीकडे फारसे काही उरले नव्हते. पत्नीचे दागिने आणि घरातले सामान गहाण पडले होते आणि ती सारी रक्कम जुगारात गेली होती. युरोपातील राजेरजवाडे आणि धर्मगुरू पुढे ज्याच्या औषधासाठी ताटकळत राहिले, ज्याच्या ग्रंथाने बीजगणिताला नवे वळण दिले, तो जिरोलामो कार्डानो हाच. मोटारीच्या चाकांना गती पोहोचवणाऱ्या कार्डन शाफ्टमध्ये त्याचे नाव आजही ऐकू येते. पण ज्या व्यसनाने त्याला आश्रयगृहात आणून सोडले, त्याच व्यसनातून त्याने एक लहानसा ग्रंथ लिहिला, हे गणिताच्या वर्तुळाबाहेर फारसे ठाऊक नसते.

कार्डानोचा जन्म २४ सप्टेंबर १५०१ रोजी इटलीतील पाव्हिया येथे झाला. वडील फात्सिओ हे मिलानमधील कायदेपंडित होते. भूमितीतही त्यांचा अधिकार मोठा होता आणि साक्षात लिओनार्दो द व्हिंची त्यांच्या परिचयातला. आई कियारा विधवा होती आणि दोघांचा त्या वेळी विवाह झालेला नव्हता. मिलानमध्ये प्लेगची साथ पसरली म्हणून गरोदर कियारा पाव्हियाला आली. मागे राहिलेली तिची तीन मुले त्या साथीत दगावली. पोटातले मूल जन्मू नये म्हणून आईने औषधे घेतली होती आणि ती निष्फळ ठरली, अशी नोंद कार्डानोने उतारवयात आत्मचरित्रात करून ठेवली आहे. इतक्या निर्विकारपणे स्वतःच्या नकोसेपणाची नोंद करणारा आत्मचरित्रकार विरळाच.

मुलाने कायदा शिकावा, ही वडिलांची इच्छा होती. मुलाने वैद्यक निवडले. पाव्हियाचे विद्यापीठ युद्धामुळे बंद पडल्यावर तो पादुआला गेला. तेथे विद्यार्थ्यांच्या रेक्टरपदाची निवडणूक त्याने अवघ्या एका मताने जिंकली. १५२४ मध्ये वडील वारले आणि हाती आलेला थोडा वारसा पाहता पाहता उडाला. मग पोट भरण्याचे साधन म्हणून त्याने फासे, पत्ते आणि बुद्धिबळ जवळ केले. समोरच्या भिडूपेक्षा आपल्याला शक्यतांचा अंदाज अधिक आहे, हे त्याच्या लवकरच ध्यानी आले असावे. कारण शिक्षणाचे दिवस पुष्कळसे या मिळकतीवरच निभावले. पुढे पंचवीस वर्षे जुगार आणि चाळीस वर्षे बुद्धिबळ, तेही जवळजवळ रोज, असा स्वतःच्या आयुष्याचा ताळेबंद त्याने लज्जित होऊन मांडला आहे.

या दिवसांतला व्हेनिसचा एक प्रसंग त्याच्या स्वभावावर पुरेसा प्रकाश टाकतो. एका श्रीमंत गृहस्थाच्या घरी तो पत्ते खेळत होता आणि सारखा हरत होता. पत्त्यांवर खुणा केलेल्या आहेत, असे लक्षात येताच त्याने खंजीर उपसून यजमानाच्या चेहऱ्यावर वार केला, हरलेले पैसे उचलले आणि नोकरांच्या तावडीतून निसटला. त्याच रात्री अंधारात चालताना तो पाय घसरून पाण्यात पडला. जवळून जाणाऱ्या नावेतील लोकांनी त्याला वर ओढले, तो समोर जखमेवर पट्टी बांधलेला तोच यजमान! त्याने मात्र याला पकडून दिले नाही. उलट घालायला कोरडे कपडे दिले. ही हकिकत कार्डानोच्याच लेखणीतून आलेली आहे आणि त्याला नाट्याची हौस कमी नव्हती, हे वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे.

पदवी मिळाली, व्यवसायाचा परवाना मात्र मिळेना. मिलानच्या वैद्यमंडळाने त्याचा अर्ज एकदा नव्हे, अनेकदा फेटाळला. औरस संतती नसणे हे कारण दाखवण्यात आले. त्याचा फटकळ स्वभावही आड आला असणार. पादुआजवळच्या एका खेड्यात त्याने काही वर्षे काढली, १५३१ मध्ये लुचिया बांदारिनीशी विवाह केला, मग मिलानजवळच्या गाल्लाराते गावी बस्तान हलवले. रुग्ण येईनात, तसे फासे पुन्हा हाती आले. या वेळी नशीब उलटे फिरले आणि कुटुंबाची वाट आश्रयगृहाकडे वळली.

तेथून त्याला बाहेर काढले ते गणिताने. हितचिंतकांच्या शब्दामुळे मिलानमधील प्याती संस्थेत गणिताचे अध्यापन करण्याची, एके काळी वडिलांकडे असलेली जागा त्याला मिळाली. उरलेल्या वेळात तो परवान्याविनाच रुग्ण तपासू लागला. गुण येत गेला तशी कीर्ती पसरली. १५३६ मध्ये समकालीन वैद्यांच्या चुकीच्या उपचारपद्धतींवर त्याने एक पुस्तक लिहून आपल्याला नाकारणाऱ्या मंडळींनाच अंगावर घेतले. अखेर १५३९ मध्ये वैद्यमंडळाला त्याच्यासाठी दार उघडावे लागले.

त्याच वर्षी तार्ताग्लियाचे प्रकरण घडले. त्रिघाती समीकरणे सोडवण्याची तार्ताग्लियाला गवसलेली रीत कार्डानोने गुप्ततेची शपथ घेऊन मिळवली आणि १५४५ मध्ये ‘आर्स माग्ना’ या ग्रंथात छापली. तीच रीत देल फेर्रो या गणितज्ञाने आधीच शोधली होती, असे त्याला बोलोन्या येथील कागदपत्रांत दिसले होते. तेव्हा शपथ मोडली की नाही, हा वाद आजतागायत मिटलेला नाही. ग्रंथात त्याने दोघांनाही श्रेय दिले होते, एवढे खरे. घरी नोकर म्हणून आलेल्या आणि पुढे शिष्य झालेल्या फेरारीने चतुर्घाती समीकरणही सोडवले होते. तेही याच ग्रंथात आले. ऋण संख्येचे वर्गमूळ घेऊन गणित पुढे रेटण्याचे धाडसही येथेच दिसते. बीजगणिताच्या इतिहासात कार्डानोचे स्थान या एका ग्रंथाने पक्के झाले. पण तार्ताग्लियाच्या कहाणीने त्याच्या दुसऱ्या गणिती कामावर कायमचे सावट धरले.

ते दुसरे काम म्हणजे ‘लिबर दे लुदो आलेए’, अर्थात फाशांच्या खेळांविषयीचे पुस्तक. बत्तीस छोट्या प्रकरणांचे हे टिपण त्याने तरुणपणापासून लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले आणि साधारण १५६० नंतरच्या दशकात त्याला आजचे रूप आले. खेळ कोणाशी खेळावा, पण किती लावावा, खुणांचे पत्ते कसे ओळखावे, अंगठीत बसवलेल्या आरशातून भिडू आपले पत्ते कसे पाहतो, असा अनुभवी जुगाऱ्याचा उपदेश त्यात ठायी ठायी आहे. आणि मध्येच, फारसा गाजावाजा न करता, एक नवे गणित सुरू होते.

एक फासा टाकला तर सहा दाने संभवतात. दोन फासे टाकले तर किती? वरवर पाहणारा एकेक जोडी मोजू लागतो: एक-एक, एक-दोन, एक-तीन आणि याप्रमाणे. अशा जोड्या एकवीस भरतात. तीन फाशांसाठी हीच मोजणी छप्पन्नावर थांबते. मध्ययुगीन युरोपात हे छप्पन्न प्रकार सर्वश्रुत होते. परंतु या एकवीस जोड्या सारख्याच वेळा पडत नाहीत, हे रोज खेळणाऱ्याला हाताला जाणवते. एक फासा पांढरा आणि दुसरा तांबडा आहे असे समजावे. पांढऱ्यावर पाच आणि तांबड्यावर पाच, हे दान एकाच रीतीने पडते. पाच आणि सहा ही जोडी मात्र दोन रीतींनी पडते. पांढऱ्यावर पाच व तांबड्यावर सहा, किंवा याच्या उलट. म्हणजे सहा समान जोड्या एकेकदा आणि पंधरा असमान जोड्या दोन-दोनदा मोजल्या, तर सहा आणि तीस मिळून छत्तीस होतात. हेच छत्तीस सरळ मार्गानेही येतात: पांढऱ्या फाशाच्या सहा शक्यतांपैकी प्रत्येकीशी तांबड्याच्या सहा शक्यता जुळतात, म्हणून सहा गुणिले सहा.

तीन फाशांचा हिशेबही कार्डानोने याच पद्धतीने तपासला. तिन्ही अंक सारखे असलेली ६ दाने. दोन सारखे आणि एक वेगळा असे ३० प्रकार. त्यांतील प्रत्येक ३ रीतींनी पडतो, म्हणून ९०. तिन्ही अंक वेगळे असे २० प्रकार. प्रत्येक ६ रीतींनी, म्हणून १२०. एकूण बेरीज २१६, आणि सहाला सहाने दोनदा गुणले तरी २१६. दोन वेगळ्या वाटांनी एकच संख्या यावी, यात हिशेबाची खात्री होती. हा आकडा तेराव्या शतकातील ‘दे व्हेतुला’ या लॅटिन काव्यातही आढळतो. तेव्हा तो प्रथम कार्डानोने काढला असे म्हणता येणार नाही. त्याचे वेगळेपण पुढच्या पावलात आहे. सर्व शक्य दानांच्या या समूहाला त्याने फेरा या अर्थाचा लॅटिन शब्द योजला आणि नियम सांगितला तो असा, की प्रथम संपूर्ण फेरा मोजावा, त्यातील आपल्याला अनुकूल दाने मोजावीत, उरलेली प्रतिकूल समजावीत आणि दोन्ही बाजूंनी त्याच प्रमाणात पण लावावा. मगच खेळ न्याय्य होतो. संभाव्यतेची आज शाळेत शिकवली जाणारी व्याख्या याहून फारशी वेगळी नाही.

त्याची उदाहरणे जुगाराच्या पाटावरचीच आहेत. दोन फाशांपैकी निदान एकावर ठरावीक अंक येण्याची दाने किती? भोळा खेळाडू सहा आणि सहा मिळून बारा म्हणेल. परंतु दोन्हींवर तोच अंक येण्याचे दान यात दोनदा मोजले गेले. खरा आकडा अकरा. उलट बाजूने पाहिले तर तो अंक कोठेच न येण्याची दाने पाच गुणिले पाच, म्हणजे पंचवीस आणि छत्तीसांतून पंचवीस गेले की अकरा उरतात. तीन फाशांसाठी अशी प्रतिकूल दाने १२५ आणि अनुकूल ९१. याच पुस्तकाच्या आधीच्या भागात मात्र तीनदा फासा टाकला तर ठरावीक अंक येण्याची शक्यता निम्मी असते, असे त्याने लिहून ठेवले आहे. तसे असते तर २१६ पैकी १०८ दाने अनुकूल असायला हवी होती. पैसे लावणाऱ्याच्या दृष्टीने ९१ आणि १०८ यांतला फरक किरकोळ नव्हता. रात्रभर खेळणाऱ्याचे घर बुडवायला तो पुरेसा होता.

याहून उद्बोधक आहे ती दुसरी चूक. एकच अनुकूल घटना लागोपाठ दोनदा, तीनदा घडवायची असेल, तर पण कोणत्या प्रमाणात लावावा? येथे गुणाकार करावयाचा, हे कार्डानोला उमगले होते. कशाचा कशाशी, हे उमगले नव्हते. अनुकूल आणि प्रतिकूल यांचे गुणोत्तर तीनास एक असेल तर दोन डावांसाठी ते नऊस एक होईल, असे त्याने आधी मांडले. मग समसमान शक्यतेचे उदाहरण त्याच्या डोळ्यांपुढे आले. सम अंक येणे आणि विषम अंक येणे यांचे प्रमाण एकास एक. एकाला एकाने कितीही वेळा गुणले तरी एकच! म्हणजे दहा वेळा लागोपाठ सम अंक येणे आणि न येणे यांची शक्यता सारखीच ठरणार. हे तर उघडच विपरीत होते. तेव्हा पुढच्याच प्रकरणात त्याने आपला आधीचा विचार चुकीचा असल्याचे कबूल करून नवा नियम दिला. गुणायचे ते गुणोत्तर नव्हे. संपूर्ण फेऱ्याला फेऱ्याने गुणावे, अनुकूल दानांना अनुकूल दानांनी गुणावे आणि मग पहिल्यातून दुसरे वजा करून प्रतिकूल किती ते पाहावे. सम अंकाचे तीन डाव घेतले तर फेरा २१६, अनुकूल २७ आणि प्रतिकूल १८९. प्रमाण एकास सात. आधीच्या उदाहरणात तीनास एकचे प्रमाण दोन डावांसाठी नऊस सात येते. ज्याने नऊस एक मानून पैसे लावले असते, त्याचे काय झाले असते हे सांगावयास नको.

आश्चर्य असे, की चुकीचे प्रकरण त्याने काढून टाकले नाही. चूक आणि दुरुस्ती शेजारी शेजारी नांदत राहिली. त्यामुळे पुस्तक विस्कळीत झाले. पण एक बुद्धिमान माणूस गुणाकाराच्या साध्या तत्त्वापर्यंत किती अडखळत पोहोचला, हे पाहण्याची संधी त्या विस्कळीतपणामुळेच मिळते. आज इयत्ता अकरावीच्या पाठ्यपुस्तकात हे तत्त्व दोन ओळींत उरकले जाते.

रचनांची मोजदाद भारतात त्याआधी कितीतरी पुढे गेली होती, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. खानदेशातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात ज्यांच्या घराण्याची स्मृती जपली आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त अंकपाशाचे प्रकरण लिहिले. शंभूच्या दहा हातांत दहा आयुधे किती प्रकारे धरता येतील, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर एकपासून दहापर्यंतच्या अंकांच्या गुणाकाराने येते: ३६,२८,८००. महाभारतातील नलाख्यानात ऋतुपर्ण राजा झाडाची पाने-फळे क्षणात मोजतो आणि तोच नलाला फाशांचे मर्म शिकवतो. मोजणी आणि द्यूत यांचे नाते आपल्याकडेही कोणाला तरी जाणवले होते, असे त्यावरून वाटते. मात्र शक्यतांच्या संख्येवरून पणाचे न्याय्य प्रमाण काढण्याचा लेखी नियम मिलानच्या या वैद्याच्या टिपणात भेटतो.

गुणाकाराची ही किमया कार्डानोला इतरत्रही खुणावत होती. अक्षरांची वलये फिरवून ठरलेला शब्द जुळवला तरच उघडणाऱ्या कुलपाचे वर्णन त्याने केले आहे. अशा कुलपाची सारी सुरक्षितता गुणाकारावरच उभी असते. प्रत्येक वलयावर वीस अक्षरे आणि वलये पाच, असे धरले तर चोराला बत्तीस लक्ष शब्द तपासावे लागतील. आणखी एक वलय वाढवले की संख्या वीसपट होते. गुप्तलेखनासाठी ठरावीक ठिकाणी खिडक्या कापलेल्या जाळीची युक्तीही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

पन्नाशीत कार्डानो कीर्तीच्या शिखरावर होता. १५५२ मध्ये स्कॉटलंडचा आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याच्या दम्यावर उपचार करण्यासाठी त्याने एडिंबरापर्यंत प्रवास केला. पिसांची गादी-उशी बदलणे, आहार नियमित करणे अशा उपायांनी रुग्णाला आराम पडला. परतताना लंडनला बालराजा सहावा एडवर्ड याची पत्रिका मांडून त्याने दीर्घायुष्याचे भाकीत केले; पुढच्याच वर्षी तो पंधरा वर्षांचा राजा वारला. शक्यता मोजणारा हा माणूस ज्योतिषावर तितकाच विश्वास ठेवून होता. फाशांच्या पुस्तकातही गणित संपते तेथे दैवाची सत्ता सुरू होते, असे तो मानतो. कोणाच्या हाती दान चांगले पडते, याचा उलगडा त्याला आकड्यांत सापडत नव्हता.

लुचिया १५४६ मध्येच निवर्तली होती. थोरला मुलगा जोव्हान्नी बात्तिस्ता हा वैद्य झाला. बापाच्या साऱ्या आशा त्याच्यावर होत्या. १५५७ मध्ये त्याने ब्रांदोनिया नावाच्या तरुणीशी विवाह केला. मुले तुझी नव्हेतच, असे ती त्याला उघडपणे हिणवत असे. शेवटी त्याने तिला विष घातले. खटल्यात कार्डानोने मुलाच्या बचावासाठी जंग जंग पछाडले, पण एप्रिल १५६० मध्ये जोव्हान्नीचा शिरच्छेद झाला. उरलेला नातू आजोबांनी सांभाळला. मिलानमध्ये राहणे असह्य झाले तेव्हा १५६२ मध्ये कार्डानो बोलोन्याच्या विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेला. धाकटा मुलगा आल्दो याने बापाकडून जुगार तेवढा उचलला होता, गणित नव्हे. त्याने बापाच्याच घरी चोरी केली आणि कार्डानोने स्वतः तक्रार केल्यावर त्याला शहरातून हद्दपार करण्यात आले.

फाशांच्या पुस्तकावरून शेवटचा हात याच वर्षांत फिरला, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील काही वाक्ये वेगळीच वाटू लागतात. अतीव दुःखाच्या काळात खेळ हा मनाला विरंगुळा ठरतो, असे तो तेथे सुचवतो. आणि लगेच जुगाराच्या हानीची यादीही देतो.

१५७० मध्ये पाखंडाच्या आरोपावरून धर्मन्यायालयाने त्याला अटक केली. ख्रिस्ताची पत्रिका मांडल्याचा ठपका त्याच्यावर होता. काही महिन्यांच्या कैदेनंतर सुटका झाली; मात्र अध्यापन आणि ग्रंथप्रकाशन यांवर बंदी आली. १५७१ मध्ये तो रोमला गेला. तेथे त्याला पोपकडून निवृत्तिवेतन मिळाले, हा दैवाचा आणखी एक खेळ. अखेरच्या दिवसांत आत्मचरित्र लिहीत असताना त्याने आपली अनेक हस्तलिखिते जाळून टाकली. जुगाराचे टिपण त्यातून वाचले. २१ सप्टेंबर १५७६ रोजी, पंचाहत्तरी पुरी व्हायला तीन दिवस असताना, तो रोममध्ये मरण पावला. आपला मृत्युदिन त्याने आधीच वर्तवला होता आणि तो खरा ठरावा म्हणून अन्न वर्ज्य केले, अशी आख्यायिका नंतर पसरली.

टिपण मात्र छापले गेले नाही. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांनी पत्रव्यवहारातून संभाव्यतेचे शास्त्र उभारले, १६५७ मध्ये हायगेन्सने त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि नव्या शास्त्राचे जनकत्व त्यांच्याकडे गेले. १६६३ मध्ये फ्रान्समधील ल्यों शहरात कार्डानोचे समग्र वाङ्मय दहा खंडांत निघाले. त्याच्या पहिल्या खंडात, पंधरा मोठ्या पानांत, फाशांचे पुस्तक प्रथमच छापून आले. चुकीच्या प्रकरणासह, आणि त्याला लागूनच असलेल्या दुरुस्तीसह.